भूकंपात तडे गेलेलं जुनं देऊळ किंवा चर्च पाडावंच लागतं का?

नाही. इटलीतलं असिसीचं संत फ्रान्सिसचं चर्च घ्या. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात त्याच्या कमानदार छताचे भाग कोसळले, चार माणसं गेली. मोठा दोष कशाचा? छताच्या पाठीवर शतकानुशतकं साचलेल्या राड्यारोड्याचा! या छताच्या वर वेगळं कौलारू छप्पर आहे; त्याच्या दुरुस्तीत फुटकी कौलं तिथेच टाकत गेलेले. (आपल्याकडेही गच्चीवर हेच चालतं.) आधी ते ओझं उतरवलं. मग छताच्या वरच्या अंगाला लाकूड आणि अरामिड (एक अतिशय चिवट कृत्रिम धागा) तंतूंच्या पातळ फासळ्या बसवून त्या स्प्रिंग लावलेल्या सळयांनी छपराला टांगल्या. खालून भित्तिचित्रं पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट मात्र ओतू नका. ते फार ताठ, शिवाय त्यातले क्षार चित्रं खातात.