डोंबारी: चिमणी की चंडोल?

प्रश्न असा आला आहे : 'सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर चिमणीपेक्षाही लहान, काळ्या पोटाचा पक्षी पाहिला. इंग्रजीत त्याला ॲशी-क्राउन्ड स्पॅरो-लार्क म्हणतात आणि मराठी यादीत डोंबारी. त्यापेक्षा माळचिमणी म्हटलं तर? आणि माणसांच्या जमातीचं नाव पक्ष्याला कसं काय?'

माळचिमणी नको. तो चिमणी नाहीच, चंडोलांच्या कुळातला आहे. इंग्रजी नावात 'स्पॅरो' शिरलं ते चोचीमुळे. दाणे फोडायला बरी अशी आखूड, जाड चोच त्याला आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हाच 'फिंच-लार्क' होता, तोही चोचीपायीच. घोटाळ्यात भर घालते ती मादी. नर चटकन ओळखू येतो : टाळू राखी, गाल पांढुरके, गळ्यापासून पोटापर्यंत काळा कुळकुळीत. मादी मात्र मातकट, थेट चिमणीच्या मादीसारखी. तेव्हा रंग सोडा, चाल बघा. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. हा एकेक पाऊल टाकत, वेडीवाकडी वळणं घेत मुरमाड जमिनीवर टिपत फिरतो. झाडावर किंवा तारेवर सहसा बसायचा नाही. फार तर एखादं ढेकूळ नाहीतर दगड. जवळ गेलात तर अंग चोरून जमिनीला चिकटतो आणि समोर असून दिसत नाही. घरटंही तसंच. ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला उथळसा खळगा, आत गवताचं अस्तर, काठाला कधी बारीक खडे लावलेले, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी.

आता डोंबारी. विणीच्या दिवसांत नराचा खेळ पाहिलात की नावाचं कोडं उरत नाही. पंख थरथरवत तो सरळ वर चढतो, शंभरेक फूट. मग पंख मिटून डोकं खाली करून दगडासारखा पडतो. थोडं खाली आला की पडण्याच्याच जोरावर उलटून पुन्हा काही हात वर. पुन्हा खाली सूर, पुन्हा वर. अशा पायऱ्या उतरत जमिनीजवळ येतो, आणि आता टेकणार असं वाटत असतानाच परत वर सुटतो. सूर मारताना एक लांब शीळ. डोंबाऱ्यांची दोरावरची आणि कोलांट्यांची कसरत ज्यांनी पाहिली होती, त्यांना दुसरं नाव सुचलंच नसतं.

जमातीचं नाव पक्ष्याला देणं काहींना खटकतं. मला त्यात हिणवणूक दिसत नाही, कारण आपल्याकडे पक्ष्यांची सगळी आळीच कसबी लोकांची आहे. पानं शिवतो तो शिंपी, टुक्‌-टुक्‌ ठोके घालतो तो तांबट, भक्ष्य काट्याला टांगतो तो खाटीक, पाणवठ्यावर शेपटी आपटतो तो धोबी, खोड ठोकतो तो सुतार. नाव जातीवरून नव्हे, कामावरून. युरोपीय शास्त्रज्ञांनी याचा रंग पाहिला : स्कोपोलीने १७८६ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातला 'ग्रिसियस' म्हणजे नुसता करडा. आपल्या लोकांनी करामत पाहिली.

जुनी नावं जागा बदलतात, हेही खरं. संस्कृत कोशांत 'भरद्वाज'चा एक अर्थ चंडोल असा मिळतो, हिंदीत आजही 'भरत' म्हणजे आकाशात गाणारा चंडोलच. मराठीत मात्र भारद्वाज म्हणजे तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कोकिळेच्या कुळातला थोराड पक्षी. 'डोंबारी' या नावाचं अजून तसं झालेलं नाही, तर शब्द हलवू नये.

राहिला व्याकरणाचा मुद्दा, तो कुणी विचारला नाही तरी सांगतो. यादीत आणि छायाचित्रांखाली 'डोंबारीचे घरटे' असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ते 'चिमणीचे'च्या चालीवर, पक्षी स्त्रीलिंगी धरून. पण शब्द पुल्लिंगी आहे, माळी, कोळी, धोबी यांच्यासारखा. माळ्याचा, कोळ्याचा, तसं डोंबाऱ्याचं घरटं, डोंबाऱ्याची शीळ. अनेकवचन तेच : चार डोंबारी उडाले. मादीला डोंबारीण म्हणायला व्याकरणाची आडकाठी नाही, पण कसरत एकटा नरच करतो, त्यामुळे मी 'डोंबाऱ्याची मादी' असंच लिहितो.