चमच्या शेपटीचा हमिंगबर्ड पाहायला जाताना

आपण पेरूला जाणार असल्याचे कळवलेत, म्हणून आधी एक खुलासा करतो. हमिंगबर्ड, म्हणजे फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पिणारे इवलेसे पक्षी, केवळ अमेरिका खंडांतच आढळतात; आपल्या अंगणातल्या जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर, आणि संध्याकाळी फुलासमोर हवेत स्थिर राहणारा जीव बहुधा पतंग असतो.

आपल्याला हवा असलेला चमच्या शेपटीचा हमिंगबर्ड, 'मार्व्हलस स्पॅट्युलटेल', उत्तर पेरूतील उत्कुबांबा खोऱ्याच्या परिसरात, साधारण २१०० ते २९०० मीटर उंचीवर, जंगलाच्या कडेच्या झुडपांत राहतो. नराच्या शेपटीत अवघी चारच पिसे असतात आणि त्यांपैकी दोन तारेसारखी लांब होऊन टोकाला निळ्या-जांभळ्या चकत्या धारण करतात. तथापि नवख्याने केवळ या चकत्यांवर भिस्त ठेवली, तर माद्या आणि पिसे पूर्ण न वाढलेले तरुण नर डोळ्यांदेखत निसटतात.

पोमाकोचासजवळच्या उएंबो राखीव क्षेत्रात साखरपाण्याची भांडी टांगलेली असतात, तेथून सुरुवात करावी. मोठे, आक्रमक हमिंगबर्ड स्पॅट्युलटेलला वारंवार हुसकावतात, त्यामुळे भांड्याकडे टक लावण्यापेक्षा आजूबाजूच्या लाल फुलांवर आणि पानांआडच्या बारीक फांद्यांवर नजर ठेवलेली बरी. दुर्बीण ८ पट मोठे दाखवणारी आणि जवळच्या अंतरावर स्पष्ट दिसणारी असावी. कॅमेरा मात्र पहिला तासभर पिशवीतच राहू द्यावा, कारण पक्षी दोन-चार क्षणच थांबतो आणि ते क्षण बटणे चाचपण्यात जातात. माझे तसेच गेले होते.