१५ हजार रुपयांत हॅम रेडिओसाठी चाचणीची कोणती उपकरणे आधी घ्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही बोरिवलीला चौथ्या मजल्यावर राहता, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशनाचा, परवाना नुकताच हाती आला आहे, दोन मीटर पट्ट्याचा (तरंगलांबीवरून पडलेले नाव, सुमारे १४५ मेगाहर्ट्झ) २५ वॅटचा जुना सेट घेतला आहे आणि गच्चीवरच्या उभ्या ॲन्टेनापर्यंत आरजी-५८ची (मधली तार आणि भोवती जाळी असलेली बारीक केबल) साधारण २५ मीटर केबल गेली आहे. मीटरवर एसडब्ल्यूआर (शक्ती ॲन्टेनाकडून किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.५ दिसतो, तरीही रीपीटर (संदेश ऐकून पुढे पाठवणारे केंद्र) तुमचे ऐकत नाही. शिवाय ४० मीटर पट्ट्याचा (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) एक सेट तुम्ही घरी बांधायला घेतला आहे. जवळ १५ हजार रुपये आहेत आणि त्यात आधी ऑसिलोस्कोप (लहरींचा आकार पडद्यावर दाखवणारे उपकरण) घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

ऑसिलोस्कोप आत्ता घेऊ नका. आधी एक बरा मल्टिमीटर, मग डमी लोड (ॲन्टेनाच्या जागी लावायचा रोध) आणि त्यानंतर नॅनोव्हीएनए (ॲन्टेना आणि केबल मोजणारे छोटे उपकरण), या क्रमाने घ्या. तिन्ही वस्तू १५ हजारांत बसून वर पैसे उरतील. हा क्रम मी किमतीवरून लावलेला नाही. दोष शोधताना पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : बिघाड सेटमध्ये आहे की सेटच्या बाहेर, म्हणजे केबल आणि ॲन्टेनात? मल्टिमीटर तर प्रत्येक कामाला लागतोच; त्यानंतर जे उपकरण ही साखळी मधोमध तोडून दाखवते ते आधी हवे, आणि ते काम डमी लोड करतो.

मात्र मल्टिमीटरपलीकडे खर्च करण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या, त्यांना वेगळे पैसे लागत नाहीत. रीपीटरसाठी सेटवर ६०० किलोहर्ट्झचा शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) योग्य दिशेने लावलेला आहे का आणि त्या रीपीटरला टोन (त्याला उघडणारा हलका सूर) लागत असल्यास तो चालू आहे का, हे तपासा. जुन्या सेटची मेमरी पुसली गेलेली असेल तर टोन हमखास गेलेला असतो. त्यानंतर मल्टिमीटर सेटच्या मागच्या वीजजोडणीवर लावून पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबा. पॉवर सप्लायच्या तोंडाशी १३.८ व्होल्ट दिसतात म्हणून सेटपर्यंत तेवढेच पोहोचतात असे नाही. वायर आणि फ्यूजहोल्डर मिळून ०.२ ओहमचा रोध असेल आणि सेट ६ अँपिअर ओढत असेल, तर वाटेतच १.२ व्होल्ट गळतात. प्रक्षेपण करताना सेटचा दिवा मंदावतो किंवा आवाज तुटतो, अशा तक्रारी माझ्याकडे आल्या तेव्हा पुष्कळदा दोष बारीक वायरचा निघाला आहे.

आता तुमच्या १.५ या आकड्याविषयी, कारण मला खरी शंका त्याचीच येते. खराब केबल वाईट ॲन्टेनालाही चांगले दाखवते. मीटर घरात सेटजवळ असतो; ॲन्टेनाकडून परत फिरलेली शक्ती त्याच्यापर्यंत येते ती केबलमधून दुसऱ्यांदा प्रवास करून. आरजी-५८मध्ये १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे २० डीबी (शक्तीच्या घटीचे माप; १० डीबी म्हणजे शक्ती एक दशांश) घट होते, म्हणजे तुमच्या २५ मीटरमध्ये ५ डीबी. गच्चीवर ॲन्टेना काढून केबलचे टोक नुसते मोकळे सोडले, तर सगळी शक्ती तिथून परत फिरते, पण जाताना ५ आणि येताना ५ अशी १० डीबी झिजून मीटरपाशी येते; मीटर तेव्हा सुमारे १.९ दाखवतो. म्हणजे ॲन्टेना मुळीच नसतानाही मीटर दोनच्या आत राहतो. केबलमध्ये पाणी शिरून ही घट ७ डीबीवर गेली असेल, तर मोकळ्या टोकावर नेमका १.५ दिसेल, आणि तुमच्या २५ वॅटपैकी ५ वॅटच गच्चीवर पोहोचतील. ऐकू येणाऱ्या संदेशांचीही तितकीच घट होते, हे वेगळेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दादरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी टाकलेली केबल तीन पावसाळे ‘१.५’ दाखवत राहिली आणि मी निर्धास्त होतो. एकदा ॲन्टेनाचा कनेक्टर काढलेला असताना घरात मुलाने चुकून पीटीटी दाबला, तेव्हाही मीटरचा काटा १.५वरून हलला नाही. मग टोकाकडून केबल कापत गेलो. पहिल्या हातभर तुकड्यात तांब्याची जाळी काळी पडून बोटांना काजळीसारखी लागत होती, मधल्या तारेवर हिरवट थर होता आणि कनेक्टर झटकल्यावर त्यातून पाण्याचा थेंब पडला. पुढेही जवळपास दोन मीटरपर्यंत जाळी काळसरच होती. समुद्राची खारी हवा आणि जूनपासूनचा पाऊस यांपुढे उघडा पीएल-२५९ कनेक्टर मुंबईत टिकत नाही. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळावी लागते आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झुकलेला एक वळसा द्यावा लागतो, म्हणजे पाणी तिथेच गळून पडते.

म्हणून डमी लोड. तो ५० ओहमचा एक रोध आहे, ॲन्टेनाच्या जागी लावायचा, शक्ती उष्णतेत घालवणारा आणि बाहेर लहरी न सोडणारा. सेट त्यावर पूर्ण शक्ती देत असेल तर दोष बाहेर आहे. देत नसेल तर गच्चीवर चढण्याची गरज नाही. दोन मीटरच्या सेटसाठी तो तयारच विकत घ्या, कारण १४५ मेगाहर्ट्झला रोधकांच्या पायांची लांबीसुद्धा आड येते. ४० मीटरच्या सेटसाठी मात्र घरी बनवलेला उत्तम चालतो आणि तो बनवताना जे शिकायला मिळते ते मोलाचे आहे. १ किलोओहमचे, २ वॅटचे २० रोधक तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये समांतर झाळा. ५० ओहम आणि ४० वॅट मिळतात. रोधक कार्बन किंवा मेटल ऑक्साइड फिल्मचे घ्या, तार गुंडाळलेले नकोत, कारण ती गुंडाळीच कॉइलसारखी वागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात हे मिळतील. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, एवढे लक्षात ठेवा. मोजताना मल्टिमीटरची दोन्ही टोके आधी एकमेकांना टेकवून काय दिसते ते पाहा, सहसा ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतात, आणि ते अंतिम आकड्यातून वजा करा.

याच डमी लोडवर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा कपॅसिटर लावला की वॅटमीटर तयार होतो. डायोडचे एक टोक लोडच्या गरम बाजूला (जिथे केबलची मधली तार येते), दुसरे कपॅसिटरला, कपॅसिटरचे दुसरे टोक लोडच्या जमिनीच्या, म्हणजे जाळीच्या, बाजूला, आणि मल्टिमीटर कपॅसिटरच्या दोन टोकांवर डीसी व्होल्टवर. दिसलेल्या व्होल्टमध्ये डायोडचे ०.६ मिळवायचे, बेरजेचा वर्ग करायचा आणि १००ने भागायचे. मीटरवर २१.८ आले तर बेरीज २२.४, वर्ग सुमारे ५०२, म्हणजे ५ वॅट. ही मांडणी १० ते १५ वॅटपर्यंतच वापरा. डायोडवर उलट दिशेने शिखर व्होल्टच्या दुप्पट दाब येतो. २५ वॅटला तो १०० व्होल्ट होतो आणि या डायोडची सहनशक्ती तिथे संपते.

यानंतर नॅनोव्हीएनए घ्या. एका जपानी हौशी तंत्रज्ञाने ही रचना सर्वांसाठी खुली केली, आणि २०१९च्या सुमारास तिच्या स्वस्त चिनी आवृत्त्या बाजारात आल्यावर हौशी मंडळींचे कामच बदलले; पूर्वी अशी मोजमापे करायला प्रयोगशाळा गाठावी लागे. साधी आवृत्ती ५० किलोहर्ट्झपासून ३०० मेगाहर्ट्झपर्यंत नीट मोजते. त्याच्या वर ती हार्मोनिकच्या (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरींच्या) आधाराने मोजते, तिथे अचूकता उतरते; पण तुमचे ४० मीटर आणि दोन मीटर हे दोन्ही पट्टे ३००च्या आत आहेत. त्यामुळे जास्त मेगाहर्ट्झच्या जाहिरातीसाठी पैसे मोजू नका. त्यापेक्षा बंद कवच, आतले शील्डिंग, चांगली बॅटरी आणि मोठा पडदा यांवर खर्च करा. सोबत एसएमए ते एसओ-२३९ ॲडॅप्टर (उपकरणाच्या छोट्या तोंडाला पीएल-२५९ची केबल जोडणारा) मागवायला विसरू नका, नाहीतर उपकरण हातात आणि केबल समोर अशी वेळ येते.

ते हातात पडले की आधी त्याचीच परीक्षा घ्या. सोबत आलेल्या ओपन (मोकळे), शॉर्ट (टोके जोडलेले) आणि लोड (५० ओहम) या तीन टोप्या लावून कॅलिब्रेट करा. पट्टा बदलला की हे पुन्हा करायचे असते. मग टी जोडणीवर ५० ओहमचे दोन लोड एकदम लावा. समांतर मिळून २५ ओहम होतात आणि एसडब्ल्यूआर २ दिसलाच पाहिजे. तो १.८ किंवा २.३ आला तर कॅलिब्रेशन चुकले आहे किंवा लोड खोटे आहेत. विक्रेत्याकडून मी घेतलेल्या एका संचातला लोड ५० ऐवजी ५६ ओहमचा निघाला होता, आणि साध्या मल्टिमीटरनेही तो पकडता आला असता. मी मात्र महिनाभर ॲन्टेनाची लांबी कापत बसलो होतो.

दोन चुका या उपकरणाचा जीव घेतात. ते जोडलेले असताना सेटचा पीटीटी दाबणे ही पहिली. दुसरी म्हणजे गच्चीवरून आलेली केबल थेट खुपसणे : मोकळ्या तारेवर वाऱ्याने आणि ढगांनी स्थिर विद्युत साचते, म्हणून आधी मधली पिन आणि जाळी क्षणभर एकमेकांना टेकवा, मगच जोडा. गडगडाट असेल तर त्या दिवशी मोजमाप नकोच.

तुमच्या केबलची चाचणी अशी करा. गच्चीवर ॲन्टेना काढून टोक मोकळे सोडा, घरात नॅनोव्हीएनएवर १४५ मेगाहर्ट्झचा रिटर्न लॉस (परत आलेली शक्ती किती डीबीने कमी आहे तो आकडा) वाचा आणि त्याचे निम्मे करा. ती तुमच्या केबलची एका बाजूची घट. मग तेच टोक शॉर्ट करून पुन्हा वाचा आणि दोन्हींची सरासरी धरा. ५ डीबीच्या आसपास आली तर केबल शाबूत आहे, पण या अंतरासाठी ती मुळातच बारीक आहे आणि जाड, कमी घटीची केबल टाकणे हाच उपाय आहे. ७ किंवा त्याहून जास्त आली तर पाणी शिरले आहे असे समजा. ४० मीटरवर हीच केबल जेमतेम १ डीबी खाते, त्यामुळे नवी घेतल्यावर जुनीचा न भिजलेला भाग तिकडे वापरता येईल.

टायनीएसए हा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती शक्ती आहे ते दाखवणारे उपकरण) घरी बांधलेला सेट बोलू लागल्यावर घ्या. ७.१ मेगाहर्ट्झच्या सेटमधून १४.२ आणि २१.३ला काय गळते हे पाहणे परवानाधारकाचे कर्तव्यच आहे आणि त्यासाठी हे छोटे उपकरण पुरेसे आहे. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी) आणि त्याचे तोंड १० डीबीएमच्या वर सहन करत नाही, तेव्हा मध्ये ५ वॅट पेलणारा ४० डीबीचा ॲटेन्युएटर (शक्ती कमी करणारा जोड) ठेवावा लागतो. या कामाला आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रिसीव्हर) चालेल असे कोणी सांगेल. ऐकण्यासाठी ते फार छान आहे. पण मुंबईतल्या बलाढ्य एफएम केंद्रांनी त्याचे तोंड भरून जाते आणि नसलेल्या लहरी पडद्यावर उमटतात, म्हणून मोजमापासाठी मी त्यावर विसंबत नाही.

ऑसिलोस्कोपचे सांगायचे राहिले. नवा, १०० मेगाहर्ट्झचा विश्वासू डिजिटल स्कोप तुमच्या रकमेत बसणार नाही, आणि जे अगदी स्वस्त किट मिळतात त्यांतल्या डीएसओ१३८ची मर्यादा २०० किलोहर्ट्झ आहे. ७ मेगाहर्ट्झ त्याला दिसणारच नाही. पुढे घ्यायचाच झाला तर एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून निघालेला जुना २० मेगाहर्ट्झचा सीआरओ (पिक्चर ट्यूबचा ऑसिलोस्कोप) पाहा. ठाण्याच्या ॲपलॅबचे असे सीआरओ अजून अधूनमधून मिळतात. दुकानात आपला प्रोब (मोजण्याची तार) घेऊन जा, सीआरओ वीस मिनिटे चालू ठेवायला सांगा, पुढच्या कॅलिब्रेशन पिनवरची चौरस लहर दोन्ही चॅनलवर सरळ कोपऱ्यांची दिसते का पाहा आणि प्रत्येक बटण हळू फिरवा. रेषा उडी मारत असेल तर आतले स्विच झिजलेले आहेत. त्याचे झाकण मात्र स्वतः उघडू नका, पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात आणि ते बंद केल्यावरही काही काळ टिकतात.

नॅनोव्हीएनए येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. या रविवारी, ऊन असताना, कमी शक्तीवर ठेवून गच्चीवरचा कनेक्टर काढा आणि घरातल्या मीटरवर क्षणभर एसडब्ल्यूआर पाहा. टोक मोकळे असताना पूर्ण शक्ती आणि लांब प्रक्षेपण टाळा. कनेक्टर काढल्यावरचा तो आकडा आणि कनेक्टरच्या आतल्या जाळीचा रंग, एवढे इथे लिहा, म्हणजे केबल बदलायची की सेट उघडायचा हे मला सांगता येईल.