अँटिबायोटिक चालू असताना छातीत नळी कशाला?

तुम्ही विचारलंय की वडिलांना न्यूमोनियानंतर छातीत पाणी झालंय, शिरेतनं अँटिबायोटिक चालू आहे तरी ताप हटेना आणि आता डॉक्टर नळी घालूया म्हणतायत, मग औषध त्या पाण्यात जातच नाही काय. जातं ओ, बऱ्यापैकी जातं. मी बेळगावात छातीच्या वॉर्डात सिस्टर आहे, खानापूर, निपाणीकडनं आलेले नातेवाईक हेच विचारत असतात.

फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, त्यातनंच पाणी साठतं आणि त्याच वाटेनं रक्तातलं औषधपण आत येतं. पेनिसिलिन, सेफट्रायक्झोन, मेट्रोनिडाझोल चांगली पोचतात. जेंटामायसिन, अमिकासिन मात्र तिथं लंगडी पडतात, कारण पू आंबट, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, आणि ऑक्सिजनशिवाय ही औषधं जंतूच्या आत शिरत नाहीत.

पण पाणी दाट होऊन पू व्हायला लागला की आत फायब्रिनचे (रक्त गोठताना होतात तसल्या चिकट धाग्यांचे) पडदे धरतात, मधाच्या पोळ्यासारखे कप्पे होतात, मग एका कप्प्यातली नळी दुसऱ्याला उपयोगाची नाही. त्यात पुवातले जंतू वाढायचे मंदावलेले असतात आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं वाढत्या जंतूवरच नीट चालतात. म्हणजे औषध पोचलं तरी ताप तसाच, पू बाहेर काढावाच लागतो.

म्हणून नळी लागेल का बघायला आधी सुईनं त्या पाण्याचा नमुना काढतात. सरळ पू आला तर विषयच संपला, नळी. नाहीतर त्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट जास्त) बघतात, ७.२ च्या खाली किंवा त्यातली साखर ६० च्या खाली असली तर बहुतेक नळीच. (सिरिंजमध्ये हवा राहिली तर पीएच उगाच जास्त येतो, त्यामुळं आम्ही बुडबुडा काढून लगेच पळवतो.) सोनोग्राफीत कप्पे दिसले तर नळीतनं टीपीए (फायब्रिनचे पडदे विरघळवणारं औषध) आणि डीएनेज (पू पातळ करणारं) सोडतात, २०११ च्या मिस्ट-२ नावाच्या ट्रायलमध्ये दोन्ही मिळून गुण आला, एकेकटं दिल्यावर नाही. महाग आहे, खर्च आधी विचारा.

त्या पाण्याची एडीए टेस्टपण (टीबीचा अंदाज देणारी तपासणी) झाली का विचारा, ४० च्या वर असेल तर टीबीची शंका येते, आणि टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांचा वेगळा कोर्स, नळी बहुतेकांना लागत नाही.

संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये असेल तर सही करायच्या आधी कुणाकडनं तरी मराठीत समजून घ्या. आणि नळीची बाटली कायम छातीच्या खाली, खाटेवर ठेवू नका, उचलू नका. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतंय ना बघत राहा, थांबलं तर सिस्टरला हाक मारा, नळी चोंदलीय की फुफ्फुस फुललंय ते तपासल्याशिवाय कळत नाही.