मुलीला ख्रिश्चन शाळेत घालायचं आहे, पण आजी-आजोबा घाबरतात. काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळहून मुंबईला बदली झाली आहे, मुलगी साडेतीन वर्षांची आहे, नव्या घराजवळ सिस्टरांची ज्युनिअर केजी ते दहावी अशी शाळा आहे, आणि तुमचे आई-वडील म्हणतात, "तिथं पोरीला धर्म शिकवतील." तिथं धर्म शिकवतात का, आपल्याला प्रवेश मिळतो का आणि नियम किती कडक असतात, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी वसईची, मराठी कॅथलिक. मुंबईत अशाच एका शाळेत ३१ वर्षं शिकवलं. आधी प्राथमिकला बाई होते, शेवटची वर्षं सुपरवायझर, म्हणून केजीच्या प्रवेशाच्या रांगा मी टेबलाच्या अलीकडून पाहिल्या आहेत.

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. तुमच्या विदर्भात केजी वन, केजी टूलाच 'कॉन्व्हेंट' म्हणतात. शाळा कुणाचीही असो, पोरगं 'कॉन्व्हेंटात' जातं. मुंबईत कॉन्व्हेंट म्हटलं की सिस्टर लोकांची शाळा, फादरांची असली तर मिशनरी शाळा. पण नावात 'सेंट' आहे म्हणून शाळा चर्चचीच असेल असं धरून चालू नका. संस्था कुणाची, हे ऑफिसात सरळ विचारा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

आता धर्माचं. आजी-आजोबांना खोटं सांगून शांत करू नका. शाळेत प्रार्थना असते. सकाळी असेंब्लीत असते, डबा उघडण्याआधी असते. डिसेंबरात येशूच्या जन्माचा देखावा म्हणजे गोठा मांडतात, कॅरल म्हणजे नाताळची गाणी बसवतात, शाळा ज्या संताच्या नावाची त्याचा सण साजरा होतो. धर्मशिक्षणाचा म्हणजे कॅटेकिझमचा तास मात्र फक्त ख्रिस्ती मुलांना असतो. बाकीची मुलं त्याच वेळी दुसऱ्या वर्गात बसतात, त्यांना मॉरल सायन्स किंवा मूल्यशिक्षण. खरं बोलणं, चोरी न करणं, आजारी मैत्रिणीला वही देणं, असलेच धडे. माझ्या वर्गात चाळीसएक मुलींत कॅथलिक दहा-बारा, त्यामुळे मी तीस वर्षं बहुतेक मूल्यशिक्षणच शिकवलं.

राज्यघटनेचं अनुच्छेद २८ (३) तुम्हाला उपयोगी पडेल. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतल्या कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. शाळा अल्पसंख्याक आहे आणि अनुच्छेद ३० (१) नं तिला स्वतःचा कारभार करण्याचा हक्क आहे, हे खरं. पण त्या हक्कानं तुमची संमती पुसली जात नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंही २०२४ मध्ये आपल्या शाळांना लेखी कळवलं, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि असेंब्लीत घटनेची उद्देशिका म्हणा.

एक आजी मला आठवतात. नात ज्युनिअर केजीत. आजी म्हणाल्या, "बाई, तिला क्रूसाची खूण करायला लावू नका, बाकी हात जोडायला माझी ना नाही." मी म्हटलं, हात जोडून उभी राहिली की पुरे. दोन महिन्यांनी पोरगी घरी जेवायच्या आधी डोळे मिटून इंग्रजीत देवाचे आभार मानायला लागली. आजी परत आल्या. मला वाटलं, आता भांडण. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मी तिला 'वदनी कवळ' शिकवलंय. आधी ते म्हणते, मग तुमचं." ती मुलगी दहावीपर्यंत आमच्याकडे होती.

तेव्हा परिणाम शून्य, असं मी म्हणणार नाही. गाणी डोक्यात बसतात. तुमची लेक डिसेंबरात घरी गोठा मांडायचा हट्ट धरेल, नक्की धरेल. एवढंही ज्या घराला चालणार नाही, त्यांनी दुसरी शाळा बघावी. पोरीनं दोन्हीकडच्या मोठ्यांची तोंडं बघत वाढू नये. धर्मांतराचं म्हणाल तर माझ्या ३१ वर्षांत आमच्या शाळेतली एकही मुलगी शाळेमुळे ख्रिस्ती झाली नाही. ज्योतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पुढे अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांवर त्यांनी विचार केला, टीकाही केली, पण ख्रिस्ती झाले नाहीत. वडिलांना हे जरूर सांगा.

जिथं मला खरंच राग येतो ते टिकली, बांगड्या आणि मेंदीचं. बऱ्याच शाळांच्या नियमांत 'मेंदी चालणार नाही' असं असतं, कारण दिलं जातं युनिफॉर्मचं. युनिफॉर्म मलाही प्रिय आहे. पण मावशीच्या लग्नाची मेंदी हातावर घेऊन आलेल्या दुसरीतल्या मुलीला मी एका शाळेत वर्गाबाहेर उभी केलेली पाहिली, आणि मी नवी होते म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते. मेंदी धुवून जात नाही, मूल काय करणार? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र लिहून कळवलं, की सणाच्या राख्या, टिळे, मेंदी यांवरून शाळांत मुलांना शिक्षा होऊ देऊ नका. शाळा बघायला जाल तेव्हा हाच प्रश्न विचारा: लग्नाची मेंदी असेल तर काय करता? 'चिठ्ठी द्या, चालेल' असं उत्तर आलं तर शाळा माणसांची आहे.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला मोजतात: नर्सरीला तीन पूर्ण, ज्युनिअर केजीला चार, सिनिअर केजीला पाच, पहिलीला सहा. क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला: त्या धर्मग्रामातली, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली कॅथलिक मुलं, इतर ख्रिस्ती, शाळेत आधीच शिकणाऱ्यांची भावंडं, माजी विद्यार्थिनींची मुलं, मग बाकीचे. ख्रिस्ती पालकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, तो तुम्हाला लागत नाही. पण उरलेल्या जागा किती, हे आधी विचारा, नाहीतर फॉर्मची रांग फुकट. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागा या शाळेत शोधू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू नाही असं म्हटलं. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं आहे.

पैशाचं एक कलम नव्यानं मुंबईत येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. अनेक जुन्या शाळांत पहिली ते दहावी अनुदानित असते, म्हणजे शिक्षकांचे पगार शासन देतं आणि फी बेताची असते. केजी मात्र विनाअनुदानित, तिचा खर्च पूर्ण पालकांवर. म्हणून केजीची फी पहिलीपेक्षा जास्त दिसली तर चूक समजू नका. उलट एकाच आवारात त्याच संस्थेची नवी, दुसऱ्या बोर्डाची शाळा असू शकते, तिची फी वेगळीच. कुठल्या शाळेचा फॉर्म भरताय, ते वाचून घ्या. पावतीशिवाय कुणी देणगी मागितली तर देऊ नका. कॅपिटेशन फीला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं मनाई आहे. आणि २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते, त्या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात. जूनमध्ये तुमचं नाव त्या चिठ्ठ्यांत जाऊ द्या.

सुट्ट्यांवरून दरवर्षी एखादे बाबा तणतणत येतात, की दिवाळीची सुट्टी कापली. वर्षाला ७६ सुट्ट्यांची मर्यादा सगळ्यांनाच आहे. दिवाळी आणि उन्हाळ्यातले काही दिवस कमी करून गणपती किंवा नाताळला देण्याची मुभा आहे, मग ख्रिस्ती शाळा नाताळला देते. गावी जायची तिकिटं शाळेचं वेळापत्रक बघून काढा.

इथवर जे लिहिलं त्यातलं बरंचसं तुम्ही शोधलं असतं तर सापडलं असतं. यापुढचं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या लेकीसाठी मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

माझ्या घरी कादोडी बोलतात, आमच्याकडची जुनी मराठी बोली. चौथीपर्यंत मी चर्चच्याच मराठी शाळेत शिकले. पाचवीत मला इंग्रजी माध्यमाच्या एका मोठ्या ख्रिस्ती शाळेत घातलं. तिथं आवारात मराठी बोललं की चार आणे दंड. माझी प्रार्थना त्यांचीच होती, क्रूस त्यांचाच होता, आणि तरी मी परकी होते, कारण पडले की माझ्या तोंडून 'आई गं' यायचं. पहिले तीन महिने मी शाळेत जवळजवळ बोललेच नाही. धर्माची भीती घेऊन येणाऱ्या पालकांना म्हणूनच मी सांगते, भाषेचंही विचारा. साडेतीन वर्षांचं मूल देव दोन्ही घरचे मानतं. पण त्याच्या तोंडची भाषा वाईट आहे असं त्याला एकदा पटलं, की ते घरच्यांशी कमी बोलायला लागतं.

आणि हे ख्रिस्ती परंपरेतून आलेलंही नाही. गोव्यात चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीतच ओव्या रचल्या. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी पेढे वाटले होते. चार आणे दंडाची खोड इंग्रजीच्या हव्यासातून आली, आणि तो हव्यास पालकांचाही होता. "बाई, घरी मराठी होतंच, शाळेत अजिबात नको," असं सांगणाऱ्या आया मी शेकड्यानं पाहिल्या.

आता कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, आणि शाळेत मराठी बोलण्यावर बंधन घालायलाही त्यात मनाई आहे. पण कायदा पहिलीपासून आहे, तुमची लेक केजीत जाणार. तिला शू लागली तर ती मराठीत सांगेल. ते समजून घेणाऱ्या, मराठीतच 'चल बाळा' म्हणणाऱ्या बाई आणि मावशी वर्गात आहेत का, ते बघा. आम्ही केजीच्या मावशींना मुद्दाम सांगायचो, पहिला महिना मुलांशी त्यांच्याच भाषेत बोला. रडणं निम्म्यानं कमी व्हायचं.

वरच्या वर्गांबद्दल आत्ताच विचारणं लवकर वाटेल, पण शाळा दहावीपर्यंतची आहे, म्हणून एकच गोष्ट. आठवी-नववीत कच्च्या राहिलेल्या मुलींचं काय करतात? दहावीचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून नववीत दाखला हातात ठेवणाऱ्या शाळा असतात, आणि शनिवारी फुकट तास घेणाऱ्याही असतात. निकालाच्या बोर्डावरून हे कळत नाही. बिल्डिंगमधल्या एखाद्या नववीच्या मुलीच्या आईला विचारा.

त्याच आईकडून गेल्या वर्षीचं शाळेचं कॅलेंडर मागून आणा. इथं शाळेच्या डायरीला कॅलेंडर म्हणतात. पहिल्या दहा-बारा पानांत प्रार्थना, सुट्ट्या, युनिफॉर्म, हजेरी, रिमार्क, दाखल्याचे नियम, सगळं छापलेलं असतं. आजी-आजोबांबरोबर बसून ते वाचा, त्यांना खटकेल त्यावर पेन्सिलीनं खूण करू द्या, आणि ते पान घेऊनच हेडमिस्ट्रेसना भेटायला जा. शक्य असेल तर दोघांनाही सोबत न्या. आमच्या सिस्टर आजोबांना आधी खुर्ची द्यायच्या, मग बोलायला लागायच्या.