परतीची तारीख आधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गावातल्या प्रदर्शनासाठी ‘शेर ते किलो’ हा विषय तू निवडलास, तिथंच अर्धं काम झालं. 1956 चा वजन-मापांचा कायदा, 1957 चे नवे पैसे आणि त्यात गोंधळलेला आठवडी बाजार हे सगळं तुझ्या गावात घडलेलं आहे. त्याबद्दल मी काही शिकवणार नाही. तू अडकली आहेस ती भलतीकडेच. पेठेतलं ते घर निळव्यापासून पायलीपर्यंत धान्याच्या मापांचा अख्खा संच द्यायला तयार आहे, फक्त विचारतंय, परत कधी? आणि तुमचे चिटणीस म्हणतात, परतीचं बोलूच नका, वस्तू गावाचीच आहे.

गावाची कशी? त्या घराची आहे. परतीची तारीख आधी लिही, मग वस्तूला हात लाव.

तात्पुरतं प्रदर्शन उसनवारीवर उभं राहतं, हे या मंडळींना कळत कसं नाही? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं 2024 च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीही मुदतीवरच. त्यांच्याबद्दल जे वाद झाले ते बाजूला ठेव. एवढी मोठी संस्था मुदत घालून देते, आणि पेठेतल्या म्हाताऱ्यानं तारीख विचारली की तो संशयी!

आमच्या घरचा मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, वडिलांनी असाच एका प्रदर्शनाला दिला होता. पावती नाही, मुदत नाही. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणाले. संस्थेत पदाधिकारी बदलले, कपाटं हलली, रुमाल कुणालाच ठाऊक नाही. वडील जाईपर्यंत त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, ते मला अजून सलतं. पुढं माझ्या हाताखालच्या पोरांनी मला ‘पावतीमास्तर’ म्हणायला सुरुवात केली. म्हणोत बापडे. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूचा माग कागदावर आहे, आणि ज्यांनी एकदा दिली त्यांनी पुढच्या वेळी माळ्यावरून आणखी काढून दिली. दहा सत्कारांपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

पावती म्हणजे नुसतं ‘पायली, नग एक’ नव्हे. वस्तू उलटी कर, खिडकीशी ने आणि दिसेल ते लिही: लाकडी पायली, काठाला लोखंडी पट्टी, पट्टीचा एक खिळा नाही, तळाशी बोटभर चीर, जुनी, आतल्या बाजूला काळपट डाग. घरच्यांच्या देखत लिही. चारही बाजूंनी आणि तळाचा फोटो काढ. खाली दोघांच्या सह्या, आणि सह्यांच्या वर परतीची तारीख. परत देताना हाच कागद समोर धरून वस्तू पुन्हा बघायची. ‘चीर तुम्ही पाडलीत’ असं म्हणायला मग कुणाला तोंड राहत नाही.

त्या घरच्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वह्या, मिळाल्या तर तारखेचं महत्त्व आणखी वाढतं. कागदावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, आणि तेवढाही वर्षानुवर्षं नको. फिकी पडलेली शाई परत येत नाही. मुदत संपली की वही मिटायचीच. ‘लोकाग्रहास्तव’ म्हणून उद्घाटनाच्या फ्लेक्ससकट तीन-तीन वर्षं धूळ खात पडलेली प्रदर्शनं पाहिली की माझं डोकं फिरतं.

संच आख्खा मिळत नसेल तर एक पायली आण. एका पायलीवरही प्रदर्शन होतं. शंभर वस्तू हव्यात हा हट्ट पाहुणे बोलावणाऱ्यांचा असतो, बघणाऱ्यांचा नसतो. पण ती एक पायलीही तारखेशिवाय नको. चिटणीस चिडले तर माझं नाव सांग, मला त्यांच्या रागाची सवय आहे.

पावतीचा मसुदा याच आठवड्यात पाठव, मी बघून देतो. परतीच्या दिवसाचा टेम्पो आत्ताच ठरवून ठेव. लग्नसराईत ऐन वेळी गाडी मिळायची नाही.

तुझा,
पावतीमास्तर