"नुसती बसले होते" असं परत म्हणू नकोस

बाळा,

तुझा बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला, सकाळी चहा ठेवून परत एकदा ऐकला. मेसेजवर उत्तर द्यायला बसले पण मला बोलता बोलता रडू येतं हल्ली, म्हणून टाइप करतेय. लांबलं तर लांबू दे.

नदीला पाणी आलेलं, दवाखान्याची गाडी पलीकडच्या काठाला अडकलेली, बाईचं तिसरं बाळंतपण, सासू म्हणते झोळीत घालून या पाण्यातून नेणार नाही, दाई आधीच येऊन बसलेली, आणि तू टॉर्च आणि बॅग घेऊन आशाताईबरोबर चिखल तुडवत पाड्यावर गेलीस. पहाटे 3.20 ला मुलगी झाली, रडली, प्यायली. आई बरी आहे. आणि सोमवारी मीटिंगमध्ये तुला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं की तुमच्या उपकेंद्रात होम डिलिव्हरी झालीच कशी, लेखी खुलासा द्या. यातलं काहीच मला नवीन नाही, मी असे किती खुलासे लिहिलेत त्याची मोजदाद नाही. मला राग आला तो तुझ्या एका वाक्याचा. "तसं मी काही केलंच नाही सिस्टर, सगळं दाईनेच केलं, मी नुसती बसले होते."

नुसती बसले होते म्हणजे काय गं? चौतीस वर्षं सातपुड्यात काढली मी, आणि या नोकरीत मला जे एक काम उशिरा का होईना शिकता आलं ते हेच, बाईजवळ बसायचं. उठायचं नाही. तू पहिल्याच वर्षी ते केलंस आणि त्याला नुसतं म्हणतेस.

आता मी कधी कुणाला सांगत नाही ते सांगते.

1996 चा डिसेंबर. माझं उपकेंद्र म्हणजे एक खोली आणि एक लोखंडी टेबल, पाड्यांवर बाळंतपणं घरीच व्हायची आणि दाईच करायची, मला बोलवलं तर मी जायचे. त्या रात्री बोलवलं. चौथं बाळंतपण होतं, बाई अंगाने बरी होती, कळा चांगल्या येत होत्या. सकाळी 6.10 ला मुलगा झाला, 6.25 ला वार (प्लासेंटा) पडली. वार मी उलटीपालटी करून बघितली, पूर्ण होती, कुठे तुकडा राहिला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. सात वाजता तालुक्याला जाणारी एसटी. त्या दिवशी महिन्याची मीटिंग होती, रिपोर्ट माझ्याकडे, आणि मागच्या महिन्यात गैरहजर राहिल्याबद्दल आधीच एक मेमो मिळालेला. मी हात धुतले, बॅग उचलली. दाई तिच्या भाषेत म्हणाली, बस, अजून थोडी बस. मी म्हटलं झालं ना आता सगळं, आणि निघाले.

साडेसातच्या सुमाराला अंगावरून जायला लागलं. गोधडीखाली होतं त्यामुळे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, लक्षात आलं तेव्हा खालची माती भिजली होती. दाईने दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं आणि एका पोराला माझ्यामागे पळवला, तो थांब्यावर पोचला तर एसटी गेलेली. रक्तस्राव थांबवायचं मेथर्जिनचं इंजेक्शन बॅगेत होतं. बॅग माझ्या मांडीवर होती, एसटीत. मी तालुक्याला बसून रिपोर्ट वाचत होते तेव्हा ती गेली. संध्याकाळी उतरले तर तोच पोरगा थांब्यावर उभा होता, त्याच्याकडे बघूनच मला कळलं.

तू म्हणशील सिस्टर तुमचा काय दोष, मीटिंगच होती. हो, होतीच मीटिंग. घरी दोन लहान मुलं होती, नोकरी गेली असती तर खायचं काय हा प्रश्न होता, आणि वार पडली की नर्स मोकळी असंच आम्हाला शिकवणाऱ्यांनीही वागून दाखवलं होतं. एसटी दिवसाला एकच. मी नियमाबाहेर काही केलं नाही. हे मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं स्वतःला सांगतेय आणि आता तुलाही सांगतेय, म्हणजे अजून मला ते पटलेलं नाही असंच ना.

दाईने मला कधी दोष दिला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. फक्त पुढच्या बाळंतपणाला गेले तेव्हा मी दाराबाहेर काढलेल्या चपला तिने उचलल्या आणि आत नेऊन धान्याच्या कणगीमागे ठेवून दिल्या. बाळ झालं, वार पडली, मी चपला शोधायला लागले तर ती माझ्याकडे बघतही नव्हती, बाईच्या पोटावर हात ठेवून बसलेली. मी परत खाली बसले. उन्हं दारात आली, बाईने अर्धी वाटी राबडी प्यायली, मग दाई उठली आणि चपला आणून माझ्यासमोर ठेवल्या. त्यानंतर ती गेली तोपर्यंत प्रत्येक वेळी हेच. मी रिटायर होईपर्यंत कुठेही बाळंतपणाला गेले की चपला स्वतःच आत नेऊन ठेवायचे.

तेव्हा चपला आत ठेव. एवढंच मला तुला सांगायचंय, बाकी सगळं तुला पुस्तकात मिळेल.

वार पडल्यानंतरचे दोन तास हे बाळंतपणच असतं, हे तू शिकलीयस, मी परत सांगतेय कारण शिकलेलं आणि केलेलं यात फरक पडतो. दर पंधरा मिनिटांनी बेंबीखाली हात, गर्भपिशवी नारळासारखी कडक लागली पाहिजे, मऊ लागली की चोळायची. लघवीला बसवायचं, भरलेल्या लघवीने पिशवी आवळत नाही. बाळ छातीला लावायचं, तेही पिशवीचंच औषध आहे. आणि गोधडी उचलून बघायचं, विचारायचं नाही, बघायचं, कारण बाई सांगत नाही, तिला वाटतं असंच असतं. हे सगळं उभ्याने येऊनजाऊन होतं का? बसावंच लागतं.

गोळ्यांचं पण लक्षात ठेव. शेजारच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात 2002 ते 2005 मध्ये अभ्यास झाला, 1620 बाया, आणि गोळ्या देणाऱ्या कोण तर तुझ्यामाझ्यासारख्या एएनएम, उपकेंद्रातल्या नर्स. मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या बाळ झाल्याबरोबर तोंडाने. ज्यांना नुसती दिसायला तशीच गोळी दिली त्यांच्यात 100 मागे 12 जणींना जास्त रक्तस्राव, ज्यांना खरी दिली त्यांच्यात साडेसहाच्या आत. घरी होणाऱ्या बाळंतपणासाठी यापेक्षा स्वस्त शहाणपण मी बघितलं नाही. पोटात दुसरं मूल नाही ना हे आधी हाताने तपासायचं आणि मगच द्यायची. तू त्या रात्री दिलीस, बरोबर केलंस, आणि तेही तू मेसेजमध्ये शेवटी जाता जाता सांगितलंस जशी काही साखर दिली.

दाईबद्दल तुझ्या मनात जो गोंधळ चाललाय त्यावर. तू म्हणालीस ती नाळ लगेच कापू देईना, वार पडेपर्यंत थांबली, आणि बाईला झोपवलं नाही, वाशाला बांधलेला दोर धरून उकिडवी बसवली, तुला वाटत होतं चुकतंय पण अडवायची हिंमत झाली नाही. बरं झालं नाही झाली! मी तरुण असताना दोन्हींवरून माझ्या त्या दाईशी भांडले आहे. बायांना जबरदस्तीने उताणं झोपवलंय, नाळ घाईघाईने चिमटा लावून कापलीय. आणि 2018 ला जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आलं त्यात काय, तर बाईला हव्या त्या अवस्थेत बाळंत होऊ द्या, नाळ निदान एक मिनिट कापू नका, सोबतीला तिच्या मनाचं माणूस असू द्या. ते वाचलं त्या दिवशी मला त्या दोराची आठवण आली. पण म्हणून दाईचं सगळंच बरोबर असं मी कधी म्हणणार नाही. विळ्याने नाळ कापून धनुर्वाताने गेलेली बाळं मी हातात घेतलीत, सातव्या-आठव्या दिवशी तोंड उघडेना, प्यायचं बंद. ते थांबलं ते आईला दिलेल्या टीटीच्या, म्हणजे धनुर्वाताच्या लसीच्या सुईने आणि कोऱ्या ब्लेडने, 2015 मध्ये देशातून नवजात धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं त्यात आपल्यासारख्यांची पायपीट आहे. दाईला ब्लेड द्यायचं, साबण द्यायचा, नाळेला शेण-राख काही लावू द्यायचं नाही, आणि तिच्याकडून बसायला शिकायचं. असा हिशोब.

आणि हो, बसायचं म्हणजे वाट बघत बसायचं नाही. इथे माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ काढलास तर मी तुला माफ करणार नाही. आधी रक्त गेलं, झटका आला, बाळाचा हात बाहेर आला, बीपी वर गेलं, आधीचं सिझर आहे, हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, मग सासूचं ऐकायचं नाही, नदीचंही ऐकायचं नाही, झोळी बांधायची. गावातला इंजेक्शनवाला कळा वाढवायची सुई घेऊन आला तर दारात आडवी पड, त्या सुईने पिशवी फाटलेली बाई मी बघितलीय. झोळीबरोबर तू चालायचंस, तिचा हात धरून. गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं नाही, मागे बसायचं, तिच्याजवळ. तेही बसणंच आहे.

तू मला सरळ विचारलंस की सिस्टर तुम्ही घरच्या बाळंतपणाच्या बाजूच्या आहात का. हा प्रश्नच मला आवडत नाही पण विचारलायस तर. 2019-21 च्या सर्व्हेत महाराष्ट्रात 100 पैकी जवळपास 95 बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि त्याने जीव वाचलेत, मला कुणी उलटं सांगायला येऊ नये. पण राहिलेल्या पाच जणी कोण? त्या तुझ्याच पाड्यावरच्या आहेत. त्यांच्याकडे आपण जायचंच नाही, कारण गेलो तर रिपोर्टवर होम डिलिव्हरी दिसते? आणि दवाखान्यात आलेल्या 95 जणींजवळ तरी कोण बसतं? लेबर रूममध्ये एक सिस्टर, तीन टेबलं, नातेवाईक बाहेर, ओरडली तर वर बोलणी. सोबतीण आत घ्या असं केंद्राचं पत्र 2016 पासून आहे, किती ठिकाणी घेतात ते तू बघतेयस. बाया दवाखान्याला नाही म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्या या एकटेपणाला नाही म्हणत असतात. त्या सासूची थोरली सून दवाखान्यात बाळंत झाली तेव्हा तिला कशी वागणूक मिळाली ते एकदा शांतपणे विचार. तुझा अर्धा खुलासा तिथेच मिळेल.

पुण्यातल्या तुझ्या मैत्रिणीने पाठवलेल्या इंग्लंडच्या त्या अभ्यासाबद्दल पण विचारलंयस, 2011 चा. माझ्या सुनेने मला तो समजावून सांगितलाय. तिथे घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 100 मागे 45 जणींना मध्येच दवाखान्यात हलवलं, आधी मूल झालेल्यांपैकी 12 जणींना. आणि आधी मूल झालेल्या धडधाकट बायांना घर दवाखान्याइतकंच सुरक्षित निघालं, पहिलटकरणींच्या बाळांना मात्र घरी धोका जास्त होता. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? ते 45. म्हणजे तिथे शिकलेली मिडवाइफ शेजारी बसलेली असते, तिला वेळेत कळतं, ती हलवते, आणि हलवल्याबद्दल किंवा घरी गेल्याबद्दल तिला कुणी मीटिंगमध्ये उभं करत नाही. मैत्रिणीला सांग, हौसेने घरी करायचं असेल तर आधी असं बसणारं माणूस आणि दारात गाडी आणायची, मेणबत्त्या आणि पाण्याचा टब नंतर बघू.

जर्मन भाषेच्या क्लासचं. जा की. तुझं आयुष्य आहे, नर्सला पगार तिकडे जर्मनीत चांगला आहे, मी कोण अडवणार. पण एका मेमोसाठी जात असशील तर मला वाईट वाटेल, स्पष्ट सांगते. 18 महिन्यांचं मिडवाइफरीचं ट्रेनिंग आता आपल्याकडे सुरू झालंय, 2018 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातून आलं ते. आमच्या वेळी असं काही नव्हतं. त्याचा फॉर्म भरायचा विचार तू मेसेजमध्ये सुरू केलास आणि अर्ध्यात सोडलास. का सोडलास? तुझा हात चांगला आहे, तुला झोपेवर ताबा आहे, आणि तू चिखलातून गेलीस. गेलीस ना? मग.

बरं, खुलासा. माफीने सुरुवात करू नकोस आणि दाईवर ढकलू नकोस, ती अंगठा लावणारी बाई आहे, तिच्यावर गेलं की परत कुणी तुला रात्री बोलावणार नाही. वेळा लिही. गाडीला फोन किती वाजता केला, काय उत्तर मिळालं, नदीचं पाणी. 11.40 ला पोचले. बीपी अमुक, ठोके अमुक. 3.20 जन्म, 3.21 गोळ्या, 3.38 वार पूर्ण. मग दर पंधरा मिनिटांची नोंद तुझ्या वहीत आहे म्हणालीस, ती सगळी उतरव, एकही गाळू नकोस, "पिशवी कडक, रक्तस्राव नेहमीइतका" हे आठ वेळा आलं तर आठ वेळा येऊ दे. आणि खाली स्वच्छ अक्षरात लिही की सकाळी 5.45 पर्यंत मी बाईजवळ बसून होते.

"नुसती" हा शब्द घालू नकोस.

उद्या सातवा दिवस आहे. आशाताईला घेऊन जा, बेंबी बघ, अंगाचा वास बघ, वजनकाटा न्यायला विसरू नकोस, आणि दाईसाठी माझ्याकडून पावशेर चहापत्ती ने.